हाराखालची आई

सदा गेल्याचं मला शाळेत कळलं. देहूरोडहून त्याचे थोरले भाऊ सायकलवरून चिंचवडला आले होते. वर्गाच्या दारातूनच म्हणाले, "गुरुजी, आपला सदा गेला हो." मी फळ्यावरचं गणित पुरं केलं. का केलं, कुणास ठाऊक...

सदाशिव माझा बालमित्र, शेजारचाच. आईविना पोर, माझ्या आईच्या हातची भाकरी खाऊन वाढला. मुंबईच्या कलाशाळेत दोन वर्षं शिकला, पण वडील गेले आणि परत येऊन देहूरोडच्या लष्करी डेपोत पेट्यांवर आकडे रंगवायला लागला. माझी आई गेली तेव्हा घरात तिचा एकही फोटो नव्हता. वर्षश्राद्धाला भिंतीवर काहीतरी हवं, म्हणून मीच त्याला म्हटलं, "सदा, तू आठवून काढ." त्यानं दोन महिने घेतले.

श्राद्धाला आठवडा असताना, घरी जमलेल्यांसमोर त्यानं चित्रावरचं फडकं काढलं आणि मी हबकलोच. आईचा चेहरा हिरवा! गालांवर शेवाळी, डोळ्यांखाली जांभळट, आणि पाठीमागं पिवळंजर्द दार. चाकणकडून आलेले मामा जवळ जाऊन बघत म्हणाले, "ही आमची आक्का हाय व्हय? अरं, इख खाऊन मेल्यावानी दिसतीया. लोक काय म्हणतील?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळ्यांदेखत मी सदाला म्हणालो, "पेट्यांचा उरलेला रंग माझ्या आईच्या तोंडाला फासलास का?" माझी जीभ कशी झडली नाही!

सदा एवढंच म्हणाला, "अरे, काकू हसायच्या त्या पाहुण्यांपुरत्या. तुझी धाकटी बहीण गेल्यापासून तिन्हीसांजेला दारात बसून असायच्या... तेव्हा मला त्या अशाच दिसायच्या. तू कधी पाहिलं नाहीस?"

नव्हतं पाहिलं. शिकवण्या उरकून मी घरी यायचो तोवर दिवा लागलेला असायचा आणि आई ताट वाढायला उठलेली असायची. पण हे कबूल कोण करणार? "ते काही नाही, उजळ करून आण," मी फर्मावलं.

श्राद्धाच्या सकाळी, पानं मांडायच्या गडबडीत तो चित्र घेऊन आला. आई गोरीपान, गुलाबी. चंदनाचा जाड हारही त्यानंच घालून आणला होता. मामा खूश झाले. सदा न जेवताच गेला. त्यानंतर त्यानं माणसाचं तोंड म्हणून काढलं नाही. विचारलं की हसायचा, "आकडे बरे, राव. ते रागावत नाहीत." मी त्याची कधी माफी मागितली नाही. मागायला हवी होती.

सदाला जाऊन महिना झाला होता; गेल्या आठवड्यात दसऱ्याच्या साफसफाईला चित्र खाली घेतलं. चंदनाच्या हाराला एरवी कोण हात लावतो? धूळ झटकायला म्हणून पहिल्यांदाच काढला. हाराखाली, दोन्ही कानांपासून गळ्यापर्यंत, दोन बोटं रुंद पट्टा त्यानं गुलाबी केलाच नव्हता. हार जसा वळला होता, अगदी तसा. तिथं आई हिरवीच होती.

मी तिथंच जमिनीवर बसलो. बायको म्हणाली, "अहो, हार घाला की परत. मामा यायचेत सणाला."

"येऊ देत," मी म्हणालो.

हार कपाटात ठेवलाय. तिन्हीसांजेला, दिवा लावायच्या आधी, मी त्या भिंतीसमोर बसतो. उजेड उतरत जातो तसा गुलाबी रंग विझतो, आणि हिरवी आई तेवढी दिसत राहते.