वेष्टीखालचे मोजे

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या कॉफीच्या दुकानात एक म्हातारे गृहस्थ मला आठवडाभर रोज भेटायचे. नाव मी कधी विचारलं नाही. कमरेला लुंगीसारखी गुंडाळलेली स्वच्छ पांढरी वेष्टी आणि खाली, त्या उकाड्यातही, पायांत मोजे. निघताना ते चपला उलट्या करून झटकायचे आणि आतून तळहात फिरवायचे. मला हसू यायचं.

शेवटच्या दिवशी मी त्यांच्यापुढे फुशारकी मारली. "हिमालयात सहा दिवस चाललोय मी. उद्या तरंगंबाडीचा किनारा म्हणजे काय, एका दिवसाची चाल! घोटा मुरगळलाय, पण गोळी घेतल्यापासून कळतसुद्धा नाही."

"मीही पळनीच्या देवाला पाच दिवस चालत गेलों, अनवाणी," ते त्यांच्या जुन्या, तंजावुरी वळणाच्या मराठीत म्हणाले. "कांही झालं नाही. पुढं वीस वर्षांनीं समुद्रकाठी एकच दिवस चाललों, चपला हातांत धरून."

त्यांनी उजवा मोजा काढला. पायाला अंगठा नव्हता. शेजारचं बोटही नव्हतं.

"वाळू तापली होती. शुगरनं पाय बधिर झालेले, मज कळलंच नाही. घरीं आल्यावर बायको किंचाळली, तेव्हां भाजलेलं पाहिलं. पुढं बोटं कापावीं लागलीं."

"म्हणजे किनारा जास्त अवघड?" मी कसंबसं विचारलं.

"तसं नव्हे हो. पळनीच्या वाटेवर पाय दुखायचे. दुखले, की मी बसायचों."

मोजा चढवून, चपलांतून तळहात फिरवून ते निघून गेले. मी खाली वाकून पाहिलं. माझा घोटा बुटाच्या वर टम्म फुगला होता, आणि मला काहीच जाणवत नव्हतं.