पालथा बिल्ला

परदेशात, कासलबारच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी लागली तेव्हा मी गावाबाहेर एका म्हाताऱ्या बाईंकडे खोली घेतली. आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेली मी पहिली, आणि हे मी कुणी न विचारताही सांगते. बाईंनाही पहिल्याच दिवशी सांगितलं. त्या म्हणाल्या, "ग्रँड. म्हणजे तुला वाचता येतं. मला आता दिसत नाही."

दारामागच्या खुंटीवर त्यांच्या वारलेल्या नवऱ्याचा करडा लोकरी कोट होता. कॉलरवर पक्षाचा बिल्ला. तो जन्मभर पक्षाचा नोंदलेला सदस्य, म्हणून बाईही सदस्य. आसपासचे लोक ते घर पक्षाच्याच नावानं ओळखायचे. इतर पक्षांचे लोक प्रचाराला आले तरी फाटकावरूनच परत फिरायचे.

एक गोष्ट मला चमत्कारिक वाटायची. कोटासमोरून जाताना बाई बोलणं थांबवायच्या, अगदी वाक्य अर्धं असलं तरी. स्वयंपाकघरात येऊन दार लावलं की उरलेलं अर्धं बोलायच्या. पुढे पुढे मीही तेच करायला लागले. फोनवर आईशी मराठीत बोलत घरात शिरले तरी तेवढ्या जागेत गप्प. मराठी त्या कोटाला काय कळणार होतं? तरी गप्प.

दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत निवडणूक आली. बाईंनी स्वयंपाकघराचं दार लावलं.

"मतदानाला माझ्याबरोबर तू ये. ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी सोबतच्या माणसाला लिहिता येतं."

"मी? मी तर परदेशी."

"म्हणूनच. तुझा इथे पक्ष नाही." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "दृष्टी गेल्यापासून माझी मताची चिठ्ठी नवराच लिहायचा. कुणाला देऊ, एवढंसुद्धा विचारायचा नाही. मी माहेरची दुसऱ्या पक्षाची, पोरी. लग्नात आडनाव गेलं, त्याबरोबर पक्षही गेला. मरायच्या आधी एकदा माझं मत मला द्यायचंय. आणि तू कुणाला सांगायचं नाही. कधीच."

निघताना त्यांनी कोट मागितला.

"तो कशाला?"

"तो नसला तर लोक विचारतील."

पाच वाजून गेले होते, भुरभुर चालू होती, उजेड जवळजवळ गेला होता. शाळेच्या हॉलमध्ये बाई माझ्या हाताला धरून शिरल्या, खांदे पुढे, कोट घोट्यापर्यंत. टेबलामागचा अधिकारी अर्धवट उठून उभाच राहिला.

"देवा रे! मला वाटलं, तुमचा नवराच आला."

"यायचा तो," बाई म्हणाल्या.

अधिकाऱ्यानं कॉलरकडे पाहिलं. "बिल्ला काढावा लागेल. इथे चालत नाही." मग मला बजावलं, की आत जे लिहाल ते बाहेर बोलायचं नाही.

बाईंनी बिल्ला काढून मुठीत घट्ट धरला. आडोशाला गेल्यावर त्या माझ्या कानाशी लागल्या.

"आता त्याचे कान झाकलेत. लिही."

त्यांनी एक नाव सांगितलं. मी पेन्सिल दाबून त्या नावापुढे एक लिहिला आणि चिठ्ठीची घडी घालायला लागले. आपल्याकडे एक बटण दाबलं की माणूस मोकळा; इथे उमेदवारांना पसंतीच्या क्रमानं आकडे घालायचे असतात.

"निघालीस कुठे? अजून आहेत की."

दोन झाला, तीन झाला. चौथ्याला त्यांनी नवऱ्याच्या पक्षाच्या माणसाचं नाव घेतलं. मी बघतच राहिले.

"त्याला चार दे. अगदीच उपाशी कसा ठेवायचा?"

मग कागदाच्या मागून त्यांनी बोट फिरवलं, उमटलेला आकडा चाचपला. "हा एक?"

"हो."

"माझा एक," त्या म्हणाल्या. त्याच वेळी त्यांची मिटलेली मूठ हलली. म्हाताऱ्या हाताचा कंप असेल. पण मला वाटलं, आतून कुणीतरी ढकलतंय. "चल लवकर," त्या म्हणाल्या. त्यांनाही तसंच वाटलं असावं.

घरी आल्यावर कोट परत खुंटीवर गेला. बिल्ला मात्र त्यांनी स्वयंपाकघरातल्या कपाटात, ज्याला इथे प्रेस म्हणतात, एका कपाखाली पालथा ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी बाबांना फोन लावला. आमच्या अकोल्याच्या घरावर माझ्या लहानपणापासून एकाच पक्षाचा झेंडा आहे. "बाबा, तुम्ही मत त्यांनाच देता ना?"

"झेंडा गल्लीले दाखवाले असते. मत का दाखवाची वस्तू हाय?"

"आणि आई?"

"तुई माय? मी सांगतो त्यालेच देते थे."

मागे भांडी घासल्याचा आवाज येत होता. तो थांबला.

पुढच्या हिवाळ्यात बाई गेल्या. कोविडमुळे चर्चमध्ये मोजकी माणसं, बाकीची रस्त्याच्या कडेला अंतर ठेवून उभी. शवपेटीची गाडी फाटकापाशी थांबली तेव्हा पक्षाची माणसं दोन्ही बाजूंना मास्क लावून उभी होती. त्यांच्या शाखेचा म्हातारा सचिव माझ्याकडे आला.

"मतदानाला तूच नेलं होतंस ना त्यांना? शेवटपर्यंत आमच्याच होत्या."

तो विचारत होता की सांगत होता, कळेना. मी म्हटलं, "तुम्ही त्यांना माझ्यापेक्षा जास्त ओळखता."

"नवऱ्याचा कोट पेटीवर घालू म्हणतो. बिल्ल्यासकट."

मी आत जाऊन कोट आणला. त्यानं कॉलर चाचपली, खिसे पाहिले. "बिल्ला?"

बाईंना त्या एका दिवसापुरतंच स्वतःचं मत मिळालं होतं, आणि आता तो बिल्ला झाकायला त्यांची मूठ नव्हती. "नाही सापडला," मी म्हटलं.

कोट पेटीवर गेला. गाडी हलली तेव्हा त्याची एक बाही सरकून खाली लोंबली आणि गाडी वळेपर्यंत हलत राहिली. वारा नव्हता.

"दोघांचीही नावं आम्ही सदस्यांच्या यादीत राहू देणार," सचिव म्हणाला. "त्या घराचं नाव काढवत नाही."

घर रिकामं करताना मी तो कप आणि बिल्ला घेऊन आले. एक नंबर कुणाला, ते इथेही लिहिणार नाही. पण हे सगळं मी कागदावर बोललेच आहे, म्हणून आत्ता उठून कपाट उघडून कपाखाली पाहिलं. पालथाच आहे.