सांगितलं तेवढंच दुखलं

लातूर जिल्हा होऊन थोडेच दिवस झाले होते. कचेऱ्यांना नव्या पाट्या लागल्या, दवाखाना जुनाच. पावसाचा पत्ता न्हाई, आमच्या चाकूरकडच्या विहिरी आटलेल्या, आणि बायकोच्या छातीत मात्र पाणी भरलेलं. चार पावलं टाकली की धाप लागायची.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, पाठीतून सुई घालून पाणी काढावं लागंल. आमच्यात दुखणेकऱ्याला खरं सांगत न्हाईत. मी तिला म्हणालो, "नुसता फोटो काढायचाय." ती स्टुलावर बसली. मागून कुणी न बोलता सुई टोचली, तशी किंचाळून उठलीच. डॉक्टर ओरडले, "हललीस तर फुप्फुसाला भोक पडंल!" मग तर ती लटलट कापायला लागली. सुई काढून घ्यावी लागली.

दुसऱ्या दिवशी ती खाटेचा दांडा सोडीना.

"पाणी न्हाई काढलं तर गुदमरून मरशील," मी म्हणालो.

"मरू द्या. तुमचं आता काहीच ऐकत न्हाई मी."

तिथली सिस्टर म्हणाली, "मामा, तुम्ही जरा गप बसा." आणि बायकोसमोर उकिडवी बसली. "मावशी, आधी गार लागंल, ते औषध. मग भुलीची सुई, ती लई आग करती. तुम्ही दहा मोजा, तवर कमी हुईल. मग नुसतं दाबल्यावानी. सोसंना तर हात वर करा, डॉक्टर थांबतील."

बायकोनं डोळे मिटले. "लाभ, दोन, तीन..."

धान्य मापताना पहिल्या मापाला आम्ही एक म्हणत न्हाई, लाभ म्हणतो. दोन वर्षं खळ्यावर माप लागलं नव्हतं. आठाला तिचा आवाज फाटला आणि हात वर गेला. मला वाटलं, आता ही उठती. पण डॉक्टर खरंच थांबले. तिनं दम घेतला, म्हणाली, "हं, चालू द्या." बाटलीत पिवळं पाणी उतरत गेलं.

नंतर मी विचारलं, "दुखलं का?"

"दुखलं की. पण बाईनं सांगितलं तेवढंच."

त्यानंतर लई वर्षं जगली. यंदा गेली. शेवटी खाटेवरून विचारलं, "मी घरी येईन का हो?" जिभेवर खोटं आलं होतं. गिळलं. म्हणालो, "न्हाई वाटत."

"मग इथून उठू नका," ती म्हणाली.

उठलो न्हाई.