दवाखान्यात बसलेलं जाऊळ

बिरूचं नाव भावकीत इज्जतीनं घेतात, ते काय उगंच नाय. धनगराच्या पोटी जन्मून, मेंढरांमागं वाढून, चिकलठाण्याच्या कारखान्यात मशीनवर लागलेला तो पहिला गडी. थोरल्या भावानं दीडशे मेंढरं एकट्यानं वळली म्हून बिरूला चौथीपर्यंत शाळा बघता आली, हे बी इथंच सांगून टाकलेलं बरं. बारा वर्षं त्यानं मशीनवर काढली, पण मिस्त्रीनं मागितला एक आन् बिरूनं दिला दुसराच पाना, असं एकदा बी झालं नाय.

असा गडी एकदाच घाबरला. तो दिवस त्याच्या पोरीच्या जाऊळाचा व्हता.

पोरीचं नाव आवडा. वय तीन वर्षं, आन् केस कमरंला टेकलेले. बायको सारजाबाई पोटुशी व्हती तव्हाच तिनं साताऱ्याच्या खंडोबाला बोलून ठेवलं व्हतं, लेकरू धडधाकट होऊ दे, त्याचं जाऊळ तुझ्याच दारात, मामाच्या मांडीवर काढीन. तवर डोक्याला कात्री नाय. तीन वर्षं तिनं त्या केसांना तेल लावलं, वेण्या घातल्या, पण एक टोक कापू दिलं नाय.

रविवार ठरला. हे सातारा म्हंजी जिल्ह्याचं सातारा नव्हं, शहराला खेटून असलेलं खंडोबाचं गाव, पण कामं काय कमी व्हती? सारजाबाई सकाळीच बायांना, भांड्यांना आन् बोकडाला टेम्पोत घालून पुढं गेली. बोकड थोरल्या भावानं निवडलेला व्हता, तेव्हा त्यात बघायला काय नव्हतंच. सारजाचा भाऊ सांडू फर्दापूरहून परस्पर तिथं यायचा व्हता. बिरूची रातपाळी सातला सुटली, तो घरी आल्यावरच टेम्पो हलला. आवडा झोपलेली, म्हून तिला बापाकडंच ठेवलेलं. जाता जाता सारजानं बजावलं व्हतं, "पत्रावळी आना, नारळ आना, भंडारा आना. आन् बाराच्या आत पोरगी आना. न्हावी एकला दुसरीकडं जायचाय."

बिरूनं पोरीला न्हाऊ घातलं, सायकलच्या दांडीला टॉवेल गुंडाळून तिला पुढं बसवलं, मागं पत्रावळीचे दोन गठ्ठे बांधले. मुकुंदवाडीच्या किराणा दुकानापाशी सायकल स्टँडला लावली. "हलू नको, दोन नारळ घेऊन आलोच," म्हणला आन् तीन पावलं पुढं गेला. तीनच पावलं. आवडाला घंटी वाजवायची व्हती. ती वाकली, मागचे गठ्ठे एका अंगाला कलले, आन् सायकल पोरीसकट आडवी झाली. पोरीचं डोकं दुकानाच्या दगडी पायरीवर.

बिरूनं उचललं तव्हा केसातून रगत गळत व्हतं. मान भिजली, झबलं भिजलं. केस एवढे दाट, की लागलंय कुठं, किती, कायच कळंना. बोट घालावं तर पोरगी किंचाळायची. बिरूनं दांडीचा टॉवेल ओढला, डोक्यावर दाबून धरला आन् पळत सुटला. सायकल तिथंच, नारळ तिथंच.

चौकातला दवाखाना रविवारी बारापर्यंत उघडा असायचा. डॉक्टर शहरातला, चष्म्याचा, तोंडानं कडक. त्यानं टॉवेल काढला, केस इकडून तिकडून चाचपले आन् म्हणला, "काही दिसत नाही. इथले केस काढावे लागतील. टाका लागेल बहुतेक."

बिरू पोरीला छातीशी धरून उभाच राह्यला. "केस नाय काढायचे, सायब."

"का?"

"आज जाऊळ हाय तिचं. मामाच्या मांडीवर बसल्याबिगर कात्री लागायची नाय. माझ्या बायकूनं देवाला बोललेलं हाय."

डॉक्टरनं चष्म्यावरून बघितलं. "तुम्हाला डोकं पाहिजे का केस?"

बिरूच्या डोळ्यांम्होरं सारजा आली. तीन वर्षं सांजच्याला पोरीला पुढ्यात घेऊन तेल चोळणारी. देवाची बिरूला एवढी फिकीर नव्हती, देव समजून घेतो. पण त्या बाईला जाऊन काय सांगायचं? तुझी तीन वर्षं दुकानाच्या पायरीवर सांडली म्हून? तेवढ्यात टॉवेलातून आणखी एक ओघळ त्याच्या मनगटावर आला.

"कापा," म्हणला. "बायकूचं काय ते मी निस्तरीन."

कंपाउंडर कात्री घेऊन आला. कडूबा नाव त्याचं, गोल तोंडाचा, बोलका. कात्री पुसता पुसता म्हणला, "मामा कुठला पोरीचा?"

"फर्दापूरचा."

कडूबाचा हात थांबला. "फर्दापूरला कोनाकडं?"

"सांडू हाय. मेंढरावाला. त्याची बहीण सारजा, ती माझी बायको."

"सारजाक्का? वरच्या आळीची? अवो, मी भागूबाईचा कडूबा. त्यांच्या घराला लागून घर आमचं. सारजाक्कानं मला काखंत घेऊन फिरवलंय."

मशीन अडली की मिस्त्रीच्या आधी बिरूला ऐकू यायचं, अशी त्याची अक्कल. ती तव्हा बी चालली. बायकोच्या गावचा माणूस म्हंजी तिचा भाऊच, हे कुनाला नव्यानं सांगायला लागतं?

"मंग तू मेव्हणा झाला माझा," बिरू म्हणला. "ठेव ती कात्री. बस बाकावर. पोरीला मांडीवर घे."

"मी?"

"तू मामा तिचा. बस म्हणतो ना."

डॉक्टर कावला. "अहो, तो मामा झाला तर मला हाताखाली कोण? कात्री, सुई, कापूस कोण देणार?"

"मी देतो. बारा वर्षं हत्यारंच देतोय. तुमी नुसतं नाव घ्या."

डॉक्टरनं कात्री आपल्या हातात घेतली. कडूबा बाकावर मांडी घालून बसला. आवडा त्याच्या मांडीवर जायला तयार नव्हती, तव्हा त्यानं तिला रिकाम्या इंजेक्शनची बाटली दिली, मंग गेली. बिरूनं हात साबणानं धुतले आन् गळ्यातला धुतलेला रुमाल पोरीच्या कानाखाली पसरला. केस आत्याच्या पदरात पडायला पाहिजेत, आत्या तर साताऱ्याला, तव्हा रुमालच आत्या. डॉक्टरनं कात्री चालवली, तळहाताएवढी जागा मोकळी झाली आन् तिथं जखम दिसली. बोटाच्या पेराएवढी. एवढ्याशा चिरीतून तेवढं रगत आलं व्हतं.

"डोक्याचं असंच असतं," डॉक्टर म्हणला. "दिसतं फार. दोन टाके."

बिरूनं एक बी वस्तू चुकीची दिली नाय. पोरगी रडली, कडूबा तिच्याहून मोठ्यानं "झालं झालं" करत राह्यला. पट्टी बांधायच्या वक्ताला कडूबा म्हणला, "मामानं भाचीला कापड द्यायचं असतं. हे बँडेज माझ्याकडून."

"ते दवाखान्याचं आहे," डॉक्टर म्हणला.

"मंग माझ्या पगारातून धरा."

निघताना डॉक्टरनं बिरूला दारात थांबवलं. "संध्याकाळपर्यंत लक्ष ठेवा. उलटी झाली किंवा गुंगी आल्यासारखी वाटली, उठवून उठली नाही, तर तसंच उचलून घेऊन यायचं. जेवण बिवण राहू द्यायचं." बिरूनं मान हलवली. ते शब्द त्याच्या डोक्यात खिळ्यासारखे बसले.

दुकानदारानं सायकल उभी करून ठेवली व्हती. साताऱ्यापर्यंत बिरूनं पोरीला गप्प बसू दिलं नाय. "काळ्या मेंढीचं नाव काय? लंगडीचं काय? मोठ्या बाचं कुत्रं कसं भुकतं?" आवडा सांगत गेली. जरा गप्प झाली की बिरू सायकल थांबवून तिच्या तोंडाकडं वाकून बघायचा.

पोचायला साडेबारा झाले. न्हावी धोपटी घेऊन उठायच्याच बेतात. सारजाबाई चुलीपासून पदर खोचून आली ती बोलतच. "बाराला सांगितलं व्हतं ना? कुठं मेले व्हते..." आन् तिला पट्टी दिसली.

बिरूनं समदं सांगितलं. लपवलं कायच नाय. सायकल, पायरी, टाके, कात्री. समदं गोत ऐकत उभं. पोरीला घेऊन तिनं पट्टीच्या कडंनं बोट फिरवलं, डोळ्यात बघितलं, हात पाय हलवून बघितले. मंग विचारलं, "मांडीवर कोन व्हतं?"

"तुझ्या फर्दापूरचा कडूबा. भागूबाईचा."

"शेंबडा कडू?"

"आता शेंबूड नाय. कंपाउंडर हाय."

सारजानं डोळ्याला पदर लावला आन् त्याच पदरात रुमालातले केस ओतून घेतले. "गावचा भाऊच हाय तो," म्हणली. "देवाला चालंल. मला बी चाललं."

चाललं नाय ते सांडूला. नवा झगा, टोपरं, चांदीचे वाळे घेऊन शंभर किलोमीटरवरून आलेला सख्खा मामा तो. "वा दाजी," म्हणला. "मंग मी काय बोकड खायाला आलो व्हय?"

"अरं, त्यानं तळहाताएवढी जागा केली," सारजा म्हणली. "बाकीचं समदं डोकं तुझंच हाय. बस लवकर, न्हावी चालला."

लोक हसले, सांडू बी हसला आन् मांडी घालून बसला. भंडारा उधळला, न्हाव्यानं पट्टी सोडून बाकीचे केस हळूहळू उतरवले. आन् तिथंच, वस्तऱ्याच्या गार हातानं, आवडाची मान कलली.

"आवडे," त्यानं हाक मारली. पोरगी हालली नाय.

"निजू दे की," सांडू म्हणला. "दमलंय लेकरू."

"सरक." बिरूनं तिला उचललं, गाल थोपटले. "आवडे. ए आवडे." मुंडकं त्याच्या खांद्यावर लोळलं. बिरूनं सायकलकडं बघितलं, रस्त्याकडं बघितलं. सारजा हातातलं उलथणं टाकून पळत आली. ढोल वाजवणाऱ्याचे हात आपोआप थांबले.

"आवडे, काळ्या मेंढीचं नाव सांग," बिरू तिच्या कानात म्हणला.

पोरीनं एक डोळा उघडला. बापाकडं बघून तोंड वाकडं केलं. "किती डाव सांगू? कोळशी," म्हणली. "बा, मला भूक लागली. नळी पायजे."

बिरू तिथंच मातीत बसला. सारजा त्याच्या शेजारी. सांडू मोठ्यानं म्हणला, "आरं नळी आना की कोनी, भाची मागती."

आवडानं नळी चोखली, दुसरी मागितली, आन् सांज होईस्तवर नव्या झग्यावर रस्सा सांडत देवळाच्या पायऱ्यांवर पोरांमागं पळत राह्यली. उलटी नाय, गुंगी नाय. उन्हं कलल्यावर सारजानं बिरूपुढं ताट ठेवलं. काल राती कारखान्यात डबा खाल्ला व्हता, त्यावर त्याच्या पोटात पाणी सोडून काय नव्हतं.

"आता जेवा," ती म्हणली. "मी बघते तिच्याकडं."

बिरूनं सात भाकरी खाल्ल्या. बाजरीच्या, चुलीवरच्या, हातभर रुंद. मोजणारे अजून हयात हायेत.