नोंदणीतली मनीषा

मनीषाला हाक मारली की ती हटकून विचारायची, "कंची पायजे? नोंदणीतली का घरातली?" आणि स्वतःच खळखळून हसायची. शिरूरच्या संशोधन केंद्रात आम्ही दोघी एकाच सरांकडे पीएच.डी. करत होतो. तिचा विषय होता डेअरीला दूध घालणाऱ्या बायका. धारा काढून ती न्हावऱ्याहून एसटीने यायची, तेव्हा ओढणीला पेंडीचा वास असायचा. "माझा सर्व्हे गोठ्यातनंच सुरू व्हतो," म्हणायची.

ही मूळची वरवंडची. लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने 'ऋतुजा' लिहिलं. आमच्याकडे लिहितातच, पुढे ते कुणी फारसं मनावर घेत नाही. पण तिचे सासरे, आबा, भारी हौशी. सून डॉक्टर होणार याचा त्यांना कोण अभिमान! "सूनबाईचं समदं कसं रीतसर पायजे," म्हणत त्यांनी तांदळातलं नाव थेट आधारकार्डावर चढवलं.

सहामाही प्रगती अहवाल द्यायची वेळ आली, तेव्हा खिडकीतले साहेब म्हणाले, नाव आधारप्रमाणेच लिहा. तिने लिहिलं. पुढचे अहवालही ऋतुजाच्याच नावाने गेले. नोंदणी मात्र आधीची, मनीषाच्या नावाची. मग एक दिवस पत्र आलं: मनीषा यांचा एकही प्रगती अहवाल प्राप्त नाही, सबब नोंदणी रद्द.

आम्ही तशाच कचेरीत धावलो.

"अहवाल चांगले आहेत हो," तिथले बाबू म्हणाले, "पण ऋतुजा नावाची विद्यार्थिनीच आमच्याकडे नाही."

"अहो, मीच ना ती!"

"मला कळतंय मॅडम. सिस्टिमला कसं कळणार?"

माणूस वाईट नव्हता, चहासुद्धा विचारला त्याने. भांडावं तरी कुणाशी? सरांनी विनंतीअर्ज केले. आबांनी खेटे घालून राजपत्रात नाव छापून आणलं. त्यावर उत्तर आलं, की आता नोंदणीच उरली नाही, तर नाव बदलायचं कशावर?

आबा ओट्यावर डोकं धरून बसले. "पोरी, हौसंनं केलं गं म्या."

"तुमी कुठं काय केलं, आबा?" तिने त्यांच्या हातात चहाचा कप दिला. मला मात्र तिथे बसवेना.

पुन्हा प्रवेश परीक्षा दे, असं मी तिला कितीदा तरी सांगितलं. ती म्हणाली, "परत पहिल्यापासनं? दोन्ही बाया दमल्या गं आता."

माझी तोंडी परीक्षा झाली, तेव्हा पेढे घेऊन न्हावऱ्याला गेले. दारातूनच हाक मारली, "मनीषा!"

ती गोठ्यातून हात पुसत आली. आता विचारेल, 'कंची पायजे?', म्हणून मी हसायच्या तयारीत उभी होते.

तिने पेढा घेतला, आधी माझ्या तोंडात घातला.

"आता एकच राहिली," ती म्हणाली. "आत ये, चहा टाकते."