लेकीचे दोन पासपोर्ट

माझ्या मुलीचा जन्म ह्यूस्टनचा. नवरा जहाजावर इंजिनिअर. तेव्हा कंपनीने त्याला दोन वर्षं तिकडच्या ऑफिसात ठेवलं होतं. तिथे जन्मली म्हणून ती अमेरिकन झाली, आणि पुढे आम्ही सिंगापूरचे नागरिक झालो तेव्हा तिलाही इथला पासपोर्ट मिळाला. लोक म्हणायचे, "मजा आहे बाई तुमच्या लेकीची!"

मजा तिची, फायली माझ्या. नवरा सहा-सहा महिने समुद्रावर. सिंगापूरहून निघताना आणि परतताना इथला पासपोर्ट, अमेरिकेत उतरताना तिथला, आणि भारतात जायचं तर व्हिसाऐवजी चालणारं ओसीआय कार्ड. एका पासपोर्टवर मधे वडिलांचं नाव, दुसऱ्यावर नाही. ते का, हे मी किती फॉर्मांवर लिहिलं असेल!

गेल्या वर्षी भावाचा पुण्याहून फोन आला. दादांना, म्हणजे आमच्या वडिलांना, हॉस्पिटलमध्ये ठेवलं होतं. आम्ही दोघी दुसऱ्या दिवशी दुपारच्या विमानाला निघालो. काउंटरवरच्या बाईने मुलीचं कार्ड उलटसुलट करून पाहिलं.

"यावर अमेरिकन पासपोर्टचा नंबर आहे. तो कुठे आहे?"

तो घरी, तोआ पायोहच्या फ्लॅटमध्ये, कपाटात होता. घाईत मी एकच उचलला होता. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.

आता घरी जाऊन येण्याइतका वेळ नव्हता. मुलगी म्हणाली, "तू जा, आई. मी उद्या येते."

"एकटी?"

"एकवीस वर्षांची आहे मी. रिलॅक्स लाह," ती तिच्या सिंगापुरी ढंगात म्हणाली.

विमानात रडू येईल असं वाटलं होतं. आली ती झोप. उतरेपर्यंत झोपले, आणि जाग आल्यावर त्याचीच लाज वाटली.

दादा शुद्धीवर होते. "पोरगी कुठाय?"

"तिचा एक पासपोर्ट घरी राहिला, दादा. उद्या येतेय."

"एक राहिला म्हणजे?" त्यांना धाप लागली होती, तरी हसले. "मला तर जन्मात एकही लागला नाही."

ती दुसऱ्या संध्याकाळी पोचली. आठ दिवसांनी दादा घरी आले. त्यांच्या शेजारच्या खोलीत बसून तिने मला सांगितलं, "आई, मी सिंगापूर ठेवणार. अमेरिकन सोडते." सिंगापूरच्या कायद्याप्रमाणे बाविसाव्या वाढदिवसाआधी तिला शपथ घेऊन एक पासपोर्ट सोडावाच लागणार होता, तो विषय मी वर्षभर टाळत होते.

"नीट विचार केलास? माझी दमछाक बघून ठरवू नकोस हं."

"तू दमलीयस ते दिसतंच. पण माझ्या मैत्रिणी तिथे आहेत. मला तिथेच राहायचंय."

तिने शपथ घेतली त्या दिवशी मी रजा टाकून सोबत गेले होते. सुटल्यासारखं वाटेल अशी माझी कल्पना होती. तसं काही झालं नाही. उलट, आता ओसीआय कार्ड नव्याने काढायचं, हेच डोक्यात आलं. घरी येऊन मी लॅपटॉप उघडला, तर तिने तो स्वतःकडे ओढला.

"मी भरते. आजोबांच्या गावाचं स्पेलिंग तेवढं सांग."

मी सांगितलं आणि भर दुपारी सोफ्यावर आडवी झाले.