बारा शब्दांचा पहारा

नाटक कंपनीत सगळे त्यांना कुजबुज मास्तर म्हणत. जन्मभर विंगेत बसून मास्तरांनी नटांना विसरलेली वाक्यं पुरवली. नट अडला की ते सपाट, दबक्या आवाजात पुढचा शब्द सरकवत. नटाला तो बरोबर ऐकू जाई, पहिल्या रांगेला मात्र नाही. ‘मास्तरांना सगळी नाटकं तोंडपाठ!’ असं लोक म्हणत. खरं तर पाठ एकही नव्हतं. मांडीवर नाटकाचं बाड आणि डोक्यावर मिणमिणता दिवा, एवढंच त्यांचं भांडवल. पण कौतुक ऐकून ऐकून मास्तरांचाच त्यावर विश्वास बसला आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं.

निवृत्त झाल्यावर भाच्याच्या नादाने त्यांनी सगळी पुंजी क्रिप्टोत घातली. भाच्याने मोबाइलवर वॉलेट काढून दिलं, पडद्यावर बारा इंग्रजी शब्द उमटले आणि त्याने शहाण्यासारखं तोंड फिरवलं.

“मामा, मोबाइल गेला तर नव्यात हेच शब्द, याच क्रमाने घालायचे. विसरलात तर पैसे गेले. दुसऱ्याला कळले तरी गेले. नीट लिहून ठेवा.”

“मला सांगतोस?” मास्तर हसले. शब्द एका चिठ्ठीवर उतरवून त्यांनी दोन दिवसांत घोकले आणि चिठ्ठी गॅसवर धरून जाळली.

पुढे मोबाइल बादलीत पडला आणि मेला. नव्यात वॉलेट एकट्याला बसवता येईना, म्हणजे भाच्यासमोर शब्द उघडे करावे लागणार. ते मास्तरांच्या जिवावर येई. एकदा पुन्हा लिहून पाहिलं. तो कागद तांदळाच्या डब्यात, तिथून दाढीच्या पेटीत, तिथून गादीखाली गेला आणि शेवटी तुकडे होऊन मोरीत वाहून गेला.

मग डोक्याचीच तुरुंगाची कोठडी झाली. दात घासताना बारा शब्द, जिना उतरताना बारा शब्द. नाटकाला जाणं बंद, कारण दुसऱ्यांची वाक्यं आत घुसत. खोकल्याचं औषध नको, गुंगी येते. कुणी गप्पा मारायला आलं की मास्तर कपाळाला आठ्या घालून बसत. बायकोला सांगावं? छे! तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं ते लग्नापासून चारचौघांत सांगत आले होते.

त्यात हर्नियाने डोकं वर काढलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा, नाहीतर आतडं अडकेल. मास्तर टाळत राहिले. भुलीतून उठल्यावर शब्द जागेवर नसले तर? म्हातारपणी दोघांनी खायचं काय? शेवटी एके दिवशी आतडं खरंच अडकलं आणि ते गुरासारखे ओरडत दवाखान्यात पोचले.

ऑपरेशनच्या खोलीच्या दारात मास्तरांनी बायकोचा हात घट्ट धरला. “वाक जरा. मी सांगतो ते पाठ कर. आपलं सगळं त्यात आहे.”

एक एक करत आठ शब्द झाले. नंतर सगळा अंधार. त्यांना दरदरून घाम फुटला. जन्मभर ज्या नटांना त्यांनी हसत सांभाळून घेतलं होतं, त्यांचं काय होत असेल ते आज कळलं.

“लॅडर,” बायको म्हणाली. सपाट, दबक्या आवाजात. मास्तरांना ऐकू गेलं, शेजारच्या वॉर्डबॉयला नाही.

मास्तर तिच्याकडे बघतच राहिले. “तुला... कुठून?”

“झोपेत बडबडता रोज. बाराच्या बारा. तुमचं काहीतरी जपायचं असणार, एवढं कळत होतं मला.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही सांगितलं होतंत का?” तिने त्यांच्या कपाळावरचा घाम पदराने टिपला. “भर उन्हाळ्यात मी खिडकी लावून घ्यायचे, तेव्हा माझ्यावर खेकसत होतात. शेजारी ऐकतील म्हणून लावत होते. घरात पाहुणा झोपू दिला नाही. तुमच्याजवळ कोण असेल म्हणून बाहेर एक रात्र काढली नाही.”

मास्तरांना रडू आवरेना. कोंडले गेलोय ते आपण एकटेच, असं ते समजत होते.

वॉर्डबॉयने स्ट्रेचर ढकलायला घेतलं.

“लवकर बरे व्हा आणि त्या भाच्याला बोलावून घ्या,” ती बरोबर चालत म्हणाली. “मला बहिणीकडे राहायला जायचंय.”